रुंदीकरणाचा अर्ज देण्याआधी रस्ता मोजा: वाढत्या उपनगरात वाहतूक, फुटपाथ आणि बससाठी काय, कधी आणि कुणाकडे मागायचं

छत्रपती संभाजीनगरचा बीड बायपास जड वाहनं शहराबाहेरून जावीत म्हणून काढला होता. पैठण रस्त्यापासून झाल्टा फाट्यापर्यंत दोन्ही बाजूंना शेतं होती आणि दक्षिणेला सातारा, देवळाई ही गावं. मग शेतांचे प्लॉट पडले, गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जागेवर, वसाहती उठल्या, शाळा आणि मंगल कार्यालयं आली. बायपास वस्तीच्या मधोमध आला आणि लोक तो पायी ओलांडायला लागले. रुंदीकरण झालं, उड्डाणपूल झाले, पण त्याआधी कितीतरी घरांतली माणसं त्या रस्त्यावर अपघातात गेली. आज मराठवाड्यातल्या बहुतेक मोठ्या गावांना नवा बायपास आहे आणि त्याच्या कडेला ‘बायपास टच प्लॉट’चे फलक लागलेत. म्हणजे तीच गोष्ट पुन्हा घडायला लागली आहे, आणि या वेळी ती वेळेआधी थांबवता येते.

मी अशाच एका उपनगरात राहतो. आमच्या कॉलनीतली पाच-सहा माणसं काही वर्षं या कामाच्या मागे आहेत. कोणत्या क्रमानं गेलं तर काम होतं आणि कुठे वर्ष वाया जातं, ते इथे मांडतो.

आधी रस्ता कुणाचा ते शोधा

आमचं पहिलं निवेदन आठ महिने एका कार्यालयात पडून होतं. मग उत्तर आलं, “सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही.” उपनगरात एकाच चौकात तीन मालक भेटतात. मोठा रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो, आतला रस्ता नगरपरिषदेचा किंवा महापालिकेचा असतो आणि गावाकडे जाणारा जिल्हा परिषदेचा. वाळूजसारख्या औद्योगिक ठिकाणी त्यात एमआयडीसीची भर पडते. मंजूर न झालेल्या लेआउटमधला रस्ता तर कागदावर अजून शेतमालकाच्याच नावावर असू शकतो.

त्यामुळे पहिलं काम नकाशाचं. नगररचना विभागात विकास योजनेचा, म्हणजे डीपीचा, भागनकाशा मिळतो. त्यावर आपल्या परिसरातले सगळे रस्ते वेगवेगळ्या रंगानं गिरवा आणि प्रत्येकापुढे मालक व मंजूर रुंदी लिहा. तोंडी माहितीवर विसंबू नका. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांचं शुल्क भरून विचारा: या रस्त्याची मालकी कुणाची, मंजूर रुंदी किती, गेल्या पाच वर्षांत यावर कोणतं काम झालं, दोषदायित्व कालावधी कधी संपतो. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जपून ठेवा, कारण त्या कालावधीत उखडलेला रस्ता ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो.

मोजणी: चार माणसं, दोन-दोन तास, एक वही

“वाहतूक फार वाढली” या वाक्यावर कुणीच काही करत नाही. “सकाळी साडेआठ ते साडेनऊ या तासात या चौकात इतकी माणसं पायी रस्ता ओलांडतात आणि त्यातली इतकी शाळेची लेकरं आहेत” असं लिहिलं की अधिकारी मान वर करून पाहतो.

चौकाच्या प्रत्येक फाट्यावर एक माणूस बसवा. वहीत रकाने आखा: पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा आणि ॲपे, कार-जीप, बस, ट्रक-ट्रॅक्टर. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशी नोंद करत चला. दर पंधरा मिनिटांनी रेघ मारून नवीन ओळ सुरू करा, म्हणजे सर्वांत गर्दीचा तास नंतर नेमका काढता येतो. सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास पुरे. पायी जाणाऱ्यांचा रकाना वेगळ्या माणसाकडे द्या, दुसरं काही मोजायला लावू नका. पायी माणूस गाडीच्या आड जातो आणि सुटतो, हे आम्हाला पहिल्याच मोजणीत कळलं.

दिवस निवडताना आपल्या भागाचं वर्ष डोळ्यापुढे आणा. मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार यातला एक साधा दिवस घ्या. एक दिवस आठवडी बाजाराचा घ्या. आणि साखर कारखाने सुरू झाले की साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात पुन्हा एकदा बसा. जोड ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर चौकात वळतो, तेव्हा त्याला किती जागा लागते आणि मागची ट्रॉली आतल्या बाजूला किती दाबते, ते उभं राहून बघितल्याशिवाय चौकाचा कोपरा ठरवता येत नाही.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्याच्या कडेला ५० मीटरवर चुन्याच्या दोन खुणा करा आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच लावा. वाहनानं हे अंतर ६ सेकंदांत कापलं तर वेग ताशी ३० किलोमीटर, साडेचार सेकंदांत कापलं तर ४०, आणि ३.६ सेकंदांत कापलं तर ५०. शंभर वाहनं मोजा. गर्दी नसताना, म्हणजे दुपारी, मोजा. तेव्हाच वाहनं पळतात.

आता हा हिशेब बघा. दुभाजक नसलेला १५ मीटरचा रस्ता आहे. म्हातारं माणूस सेकंदाला साधारण एक मीटर चालतं, म्हणजे ओलांडायला १५ सेकंद. ताशी ५० वेगानं येणारी दुचाकी तेवढ्यात २०० मीटरहून जास्त अंतर कापते. आजीनं पाऊल टाकलं तेव्हा जी गाडी दूर वळणावर होती, ती आजी निम्म्यात असतानाच अंगावर येते. रस्त्याच्या मध्ये उभं राहायला दीड-दोन मीटरची सुरक्षित जागा केली की एका वेळी एकाच बाजूचे सात मीटर पार करायचे उरतात आणि बघायचं तेही एकाच दिशेला. मोठ्या रस्त्यावर झेब्रा पट्ट्यांच्याही आधी मी ही जागा मागेन.

फुटपाथ टेपनं मोजा, आणि म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचना आयआरसी १०३ या क्रमांकानं आहेत. त्यातल्या चार गोष्टी पाठ करा. निवासी भागात चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि बाजाराच्या रस्त्यावर त्याहून जास्त हवी. कडेच्या दगडाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. डोक्यावर २.२ मीटर मोकळं हवं. उतार एकास बारा, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबीचा. ‘मोकळी रुंदी’ म्हणजे खांब, झाड, फलक आणि पायऱ्या वगळून उरलेली.

आमच्या मुख्य रस्त्याच्या अंदाजपत्रकात पदपथ दोन मीटरचा लिहिला होता. टेप लावला तेव्हा पहिल्या शंभर मीटरमध्ये विजेची डीपी, दोन खांब, एका दुकानाचा उतार आणि गटारीचे उचकटलेले दोन ढापे सापडले. त्या विजेच्या डीपीच्या बाजूनं जायला ६० सेंटिमीटर जागा उरली होती. शेजारच्या आजींना मुद्दाम सोबत नेलं होतं. पहिल्या टोकाला त्या थांबल्या, काठी टेकवून बघितलं आणि म्हणाल्या, “एवढ्या उंच पाय उचलत नाही रे बाबा, मी आपली खालूनच येते.” उंची मोजली तर २८ सेंटिमीटर भरली. लोक फुटपाथ वापरत नाहीत, अशी तक्रार मी कितीतरी बैठकांत ऐकली आहे. माणूस फुटपाथवर का चढत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा टेपवर असतं.

दर २० मीटरला तीन नोंदी करा: उंची, मोकळी रुंदी, अडथळा. प्रत्येक अडथळ्याचा टेपसकट फोटो घ्या. शाळा, दवाखाना, बँक, बसथांबा आणि देवस्थान यांच्यापासूनचे ५०० मीटर आधी करा. पूर्ण उपनगर एकदम धरायला गेलात तर माणसं थकतात आणि वही अर्धी राहते.

सावलीसाठी वेगळा रकाना ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. सावली नसलेल्या फुटपाथवरून दुपारी कुणी चालत नाही, मग तो कितीही रुंद असो. रुंदीकरणात कडेचे जुने कडुलिंब आणि वड पडतात आणि त्यांच्या जागी शोभेची झुडपं लागतात. शहरी भागातल्या झाडांना १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याचं कवच आहे. तोडीची सूचना लागली की वृक्ष प्राधिकरणाकडे मुदतीत हरकत नोंदवा. नव्या झाडाभोवती किमान एक मीटर लांब-रुंद माती उघडी ठेवायला सांगा. पेव्हर ब्लॉक बुंध्याला चिकटले की ते झाड काही वर्षांत वाळतं.

पावसाळ्यात एकदा पुन्हा फिरा. पाणी जिथे साचतं तिथे माणूस फुटपाथ सोडतो.

कमी पैशांत होणारी कामं आधी मागा

उड्डाणपूल मागायला सोपा आहे आणि यायला दहा वर्षं लागतात. चौकातल्या दहा अडचणींपैकी सहा-सात नगरपरिषदेच्या वार्षिक दुरुस्तीच्या पैशांत सुटतात.

गतिरोधकापासून सुरुवात करू. गावोगाव रात्रीतून टाकलेले अरुंद, उंच उंचवटे दिसतात. त्यांनी दुचाकीस्वार पडतात आणि गरोदर बाईला रिक्षात हिसका बसतो. आयआरसीच्या नमुन्यात गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर आहे, म्हणजे गाडी त्यावरून झुलत जाते. पट्टे आणि आधी सूचना फलक हवाच. त्याहून चांगला उपाय म्हणजे उंचावलेलं झेब्रा क्रॉसिंग: फुटपाथच्याच उंचीवर रस्ता थोडा वर येतो, माणूस सपाट चालत जातो आणि उतरण्याचं काम गाडीनं करायचं. शाळेसमोर हेच मागा. राष्ट्रीय महामार्गावर मात्र गतिरोधक मागून वेळ घालवू नका. तिथे दुभाजकातली थांबायची जागा, दिवे आणि सर्व्हिस रोड मागा.

चौकाचा कोपरा जितका मोठ्या गोलाईत, तितकी गाडी न थांबता वळते. आतल्या निवासी रस्त्याच्या तोंडावर गोलाई लहान करायला सांगा, ओलांडायचं अंतरही कमी होतं. चौकापासून पुढचे काही मीटर वाहनं उभी करायला बंदी हवी, कारण कडेला उभ्या टेम्पोमागून लेकरू निघालं की कुणालाच ते दिसत नाही.

हातगाड्यांचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. भाजीवाल्या मावशींना हाकलून रस्ता मोकळा होत नाही, त्या दुसऱ्या दिवशी परत येतात, कारण गिऱ्हाईक तिथेच आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविका संरक्षणाचा कायदा २०१४ चा आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे आणि तिचे किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. सर्वेक्षण होईपर्यंत त्यांना हटवता येत नाही. आपल्या गावात ही समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे विचारा आणि फुटपाथच्या आराखड्यात १.८ मीटर चालायला सोडून त्यापलीकडे गाड्यांची जागा आखून द्या. लातूरच्या गंज गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि पूर्ण बाजारपेठ तिच्याभोवती उभी आहे. तिथे एक तास उभं राहिलं तर कळतं की बाजार, पायी माणूस आणि वाहन यांची जागा एकत्रच आखावी लागते.

चांगला नमुना बघायचा असेल तर नांदेडला जा. २००८ च्या शिखांच्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या सुमारास तिथे जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर सुधारणा योजनेच्या निधीतून काही रस्ते पदपथ, सायकल मार्ग आणि झाडांची जागा धरून आखले गेले. देखभाल सुटली की काय होतं, तेही तिथेच बघायला मिळेल. आपल्या मंडळींना एक दिवस घेऊन जाच, शंभर फोटोंपेक्षा ते जास्त शिकवतं.

बस, एसटी आणि ॲपे

संभाजीनगरात जानेवारी २०१९ मध्ये स्मार्ट सिटी अभियानातून शहर बस सुरू झाली. बहुतेक लहान शहरांत शहर बस नाही, तिथे एसटी आणि ॲपे यांच्यावरच सगळं चालतं. एसटीचा थांबा किंवा फेरी मागायची असेल तर अर्ज आगार व्यवस्थापकांना द्या आणि प्रत विभाग नियंत्रकांना. सोबत मोजणी जोडा: सकाळी सात ते नऊ या वेळात तुमच्या फाट्यावर किती माणसं वाहनाची वाट बघतात, त्यात पासवाले विद्यार्थी किती, बाया किती, कुठे जाणार. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. पण गाडी फाट्यावर थांबलीच नाही तर त्या सवलतीचा उपयोग काय? हे अर्जात स्पष्ट लिहा. नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा ठराव जोडला की अर्जाला वजन येतं.

थांब्याची जागा चौक ओलांडल्यानंतर असावी. चौकाच्या आधी बस उभी राहिली की तिच्यापुढून माणसं पळतात आणि मागून येणाऱ्याला ती दिसत नाहीत. निवाऱ्याच्या छपराची सावली दुपारी तीन वाजता नेमकी कुठे पडते ते उभं राहून बघा. पश्चिमेला तोंड असलेला निवारा आमच्याकडे तीन वर्षं रिकामा आहे आणि माणसं पलीकडच्या लिंबाखाली उभी राहतात.

ॲपेवाल्यांना अतिक्रमण समजू नका. उपनगराची निम्मी ने-आण तेच करतात. त्यांच्या संघटनेला बैठकीला बोलवा, “भाऊ, तुम्हाला कुठे उभं राहायला परवडतं?” हे विचारा आणि ती जागा बसथांब्यापासून चालत दोन मिनिटांवर पक्की करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ खाली थांबे आणि वाहनतळ ठरवून देता येतात.

डीपीचे ३० दिवस

आतापर्यंतची कामं दुरुस्तीची होती. पुढच्या वीस वर्षांचा रस्ता मात्र प्रारूप विकास योजनेत ठरतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात, मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कुणीतरी एकानं दर आठवड्याला नगररचना विभागात डोकावायची जबाबदारी घ्यावी.

हरकतीत काय लिहायचं? दोन कॉलन्या जोडणारे रस्ते मागा. गुंठेवारीत प्रत्येक वसाहत आपापला एकच रस्ता मोठ्या रस्त्यावर काढते, शेजारच्या कॉलनीत जायलाही मुख्य चौकातूनच जावं लागतं आणि कोंडी तिथून सुरू होते. तीन-चार मीटरची पायी आणि सायकलची गल्ली जोडून दिली तरी शाळेची निम्मी लेकरं चौकात येत नाहीत. बसथांबे, रिक्षा थांबा आणि भाजी मंडईसाठी आरक्षण मागा. नाल्याच्या कडेनं पायवाट मागा. प्रत्येक हरकत गट नंबर आणि नकाशाच्या तुकड्यासह द्या, सुनावणीला स्वतः हजर राहा, आणि पोच घ्या.

डीपीत रस्ता दाखवला म्हणजे मिळाला असं होत नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात आली नाही तर कलम १२७ खाली मालक ‘जागा विकत घ्या’ अशी खरेदी सूचना देऊ शकतो आणि पुढच्या २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण सुटतं. आपल्या भागातल्या कोणत्या डीपी रस्त्याची दहा वर्षं कधी भरतात, त्याची यादी आत्ताच करा.

अर्ज कसा आणि केव्हा

नगरपरिषदेचा अर्थसंकल्प वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ठरतो. त्यामुळे मोजणी दिवाळीआधी, अर्ज डिसेंबरपर्यंत. अर्ज दोन पानांचा हवा. पहिल्या पानावर ठिकाण, रस्त्याचा मालक, मोजणीचे आकडे आणि एकच मागणी. दुसऱ्या पानावर नकाशा आणि चार फोटो. पाच मागण्या असतील तर पाच अर्ज करा, एकत्र दिल्या की सगळ्यांत अवघड मागणीपाशी सगळा कागद अडतो. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

नगरसेवकांना पैसा कुठून येईल तेही सुचवा. स्वनिधी, जिल्हा नियोजन समिती आणि नगरोत्थान अभियान हे नेहमीचे मार्ग. अपघाताच्या ठिकाणांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहे. तिच्या बैठकीत वाहतूक पोलीस, आरटीओ आणि बांधकाम विभाग एकत्र असतात, म्हणून आधी सांगितलेला ‘आमच्या अखत्यारीत नाही’चा घोळ तिथे कमी होतो.

कायद्याचा आधार द्यायचा असेल तर दोनच ओळी लिहा. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये सांगितलं की अडथळे नसलेला, दिव्यांगांना वापरता येईल असा पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या हक्काचा भाग आहे. आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १९८ अ रस्त्याची रचना व देखभाल मानकांप्रमाणे न केल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड सांगतं. धमकीच्या सुरात लिहू नका. त्याच अभियंत्यासोबत पुढची पाच वर्षं काम करायचं आहे.

काम मंजूर झालं की अंदाजपत्रकाची आणि नकाशाची प्रत मागून घ्या आणि ठेकेदाराचा माणूस कडेचे दगड बसवायला येईल त्या सकाळी टेप घेऊन तिथे उभे राहा. सिमेंट ओलं असताना दहा सेंटिमीटरची चूक अर्ध्या तासात दुरुस्त होते. आमच्या शाळेच्या रस्त्यावर गेल्या हिवाळ्यात तशी ती झाली. “मामा, कागदावर पंधरा लिहिलंय, हे पंचवीस भरतंय,” एवढंच म्हणालो. त्यांनी टेप स्वतः लावून बघितला, दोन दगड काढले आणि खालची गादी खरवडली. काम झाल्यावर महिन्याभरानं त्याच चौकात, त्याच वारी, त्याच तासाला पुन्हा मोजणीला बसलो. आजी या वेळी वरून आल्या.